संघटनेच्या निवडणुकीत उभं राहावं का? (मेडिकल लायब्रेरियन, मु. पो. सोलापूर)

सातरस्ता
नमस्कार मंडळी. एरवी मी इथल्या पाककृती आणि भटकंती वाचून गुपचूप निघून जाते. आज जरा तुमच्या डोक्याला खुराक.

सोलापुरातल्या एका खाजगी मेडिकल कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. राज्यातल्या वैद्यकीय ग्रंथपालांची एक संघटना आहे (नाव मुद्दाम लिहीत नाही). दर तीन वर्षांनी कार्यकारिणीची निवडणूक होते असं घटनेत लिहिलंय. प्रत्यक्षात काय होतं? अधिवेशनाच्या दुसऱ्या दिवशी जेवणाच्या आधी सर्वसाधारण सभा. गणपूर्ती नसते म्हणून अर्धा तास तहकूब, मग त्याच हॉलमध्ये परत सुरू. कुणीतरी उठून खिशातली यादी वाचतं, गेल्या वेळचे सचिव आता अध्यक्ष, गेल्या वेळचे अध्यक्ष आता सल्लागार. टाळ्या, बिनविरोध. तोवर पुऱ्या गार झालेल्या असतात, त्यामुळे कुणाला प्रश्न विचारायची इच्छाही उरत नाही.

या वेळी लातूर, नांदेड, सांगलीकडच्या काही ग्रंथपालांनी माझ्यामागे 'अध्यक्षपदाला तुम्ही उभ्या राहा' असा धोशा लावलाय.

करण्यासारखं काम भरपूर आहे. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू झाली. ३० प्रकाशकांची जवळजवळ १३ हजार जर्नल्स सरकारी संस्थांना खुली झाली. आम्ही खाजगी, म्हणून उंबऱ्याबाहेर. माझ्याकडचे पीजी, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थी, सिनॉप्सिसच्या (प्रबंधाच्या आराखड्याच्या) वेळी विचारतात, "मॅडम, सिव्हिलच्या मुलांना मिळतो तो पेपर आपल्याकडे का उघडत नाही?" यावर संघटना म्हणून कुणीतरी बोलायला हवं ना? गेल्या अधिवेशनात हा विषय 'माननीय अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या' विषयांतसुद्धा आला नाही.

अडचणी अशा. मतदान फक्त सभेत हजर असलेल्यांचं, आणि अधिवेशन बहुतेक वेळा मुंबई-पुण्याकडे. आमचे डीन म्हणाले, "उभ्या राहा की मॅडम, फक्त इन्स्पेक्शनच्या तोंडावर रजा मागू नका." आता इन्स्पेक्शन, म्हणजे वैद्यकीय आयोगाची कॉलेज-तपासणी, काय पत्रिका पाठवून येतं?

तर, उभं राहावं का? राहायचं तर अध्यक्षपदालाच? आणि प्रचार नावाचा प्रकार करतात कसा? मी कॉलेजच्या गॅदरिंगलासुद्धा कधी उभी राहिलेली नाही.

उगाचएक
पहिली! रुमाल टाकून ठेवते, सावकाश लिहीन.

कडकभाकरी
ग्रंथपालांच्या प्रचारसभेत घोषणा काय देतात? "शांतता राखा"?
आणि मत द्यायला उशीर झाला तर दिवसाला एक रुपया दंड का?

पूर्वभाग
अक्का, उभं राहा की! काय घाबरलालाव? आपल्या गावचे डॉक्टर कोटणीस १९३८ साली चीनला गेले. तुम्हाला पुण्यापर्यंत जायचंय फक्त.

टिळकरोडी
@पूर्वभाग, पुण्यात काम करून घेणं चीनपेक्षा अवघड आहे. विशेषतः दुपारी एक ते चार.

पार्कचौकी
ताई, मी बँकेतून निवृत्त. युनियनच्या निवडणुका जन्मभर लढवल्या, काही जिंकलो, काहींत डिपॉझिट नसल्यामुळे वाचलो. त्या अनुभवावर चार शब्द.

पहिली गोष्ट, उभं राहायचं की नाही हे ठरवण्याआधी दोन कागद हातात घ्या. एक, संघटनेची घटना. दुसरा, मतदार यादी. घटना मागितल्यावर "कशाला हवीय?" असं विचारलं तर समजा की तुम्ही योग्य दार ठोठावलंत. मतदार यादी मिळाली की पेन्सिल घेऊन बसा. निवृत्त किती, बदलून गेलेले किती, आणि वर गेलेले किती. आमच्याकडे एक गृहस्थ तेराव्यानंतरही दोन निवडणुका मतदार होते.

दुसरी, व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड टाकला म्हणजे प्रचार झाला असं समजू नका. शंभर जणांना एक मेसेज टाकलात तर ऐंशी अंगठे येतील आणि मतं येतील आठ. प्रत्येकाला फोन करायचा. नुसतं "मला मत द्या" म्हणायचं नाही. "तुमच्याकडे काय अडलंय?" विचारायचं आणि लिहून ठेवायचं. माणूस त्याची अडचण वहीत लिहिली गेली हे विसरत नाही.

तिसरी, "या वेळी माघार घ्या, पुढच्या वेळी तुम्हीच" असा फोन येणार. नक्की येणार, बहुतेक रात्री जेवणानंतर. तेव्हा काय बोलायचं ते आजच ठरवून ठेवा.

सातरस्ता
काका, फोन येऊन गेला. जेवणानंतरच. तुम्हाला साष्टांग.

पार्कचौकी
मग तुम्ही आधीच उभ्या आहात ताई. कागदावर यायचंय फक्त.

स्पष्टवक्ता
लोकांना आवडणार नाही, पण बोलतो. नोकरी, घर, मुलांचे अभ्यास, वर हा पदांचा सोस. घरचं कोण बघणार? आणि ग्रंथपालांची संघटना हवीच कशाला? सगळं गूगलवर मिळतं आता.

उगाचएक
@स्पष्टवक्ता, घरचं कोण बघणार हे मागच्या सगळ्या अध्यक्षांना विचारून झालं का?

कडकभाकरी
*पॉपकॉर्न*

डॉहुरडा
'सगळं गूगलवर मिळतं' याला एक डॉक्टर म्हणून उत्तर देतो.

मी शिकलो तेव्हा लायब्ररीत इंडेक्स मेडिकसचे, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या छापील सूचीचे, जाडजूड खंड असायचे. त्याची छपाई २००४ च्या शेवटी बंद झाली. मला तेव्हा वाटलेलं, सुटलो, आता एक बटण दाबलं की काम झालं. पुढे गाइड झालो तेव्हा माझी एक पीजी मधुमेहाच्या पायाच्या जखमांवर काम करत होती. तिने पबमेडमध्ये, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत, मनाला येतील ते शब्द टाकले आणि हजारोंनी निकाल घेऊन रडकुंडीला येऊन माझ्याकडे आली. मी तिला ग्रंथपालबाईंकडे धाडलं. बाईंनी तिला खुर्चीवर बसवलं आणि आधी एकही कळ न दाबता विचारलं, "तुला जखम भरण्याबद्दल हवंय, की पाय कापावा लागण्याबद्दल? किती वयाचे रुग्ण? कशाची कशाशी तुलना?" मग मेश, म्हणजे पबमेडचे ठरवून दिलेले विषयशब्द, त्यातून 'डायबेटिक फूट' काढला, त्याला उपशीर्षक जोडलं, वर साध्या शब्दांचाही शोध जोडला, कारण तेव्हा नव्या पेपरांना मेश लागायला वेळ लागायचा. शेवटी वाचता येईल एवढीच यादी हातात आली. तिच्या गाइडला, म्हणजे मला, यातलं निम्मंसुद्धा येत नव्हतं.

तर संघटना हवीच. आमच्या डॉक्टरांच्या संघटना बघता, तुमच्यात भांडणं कमी असतील अशी आशा.

सातरस्ता
डॉक्टर, धन्यवाद. भांडणांबद्दलची आशा मात्र सोडा.

पटाप्स्को
बाल्टिमोरहून नमस्कार. मी या क्षेत्रातली नाही, पण नवरा इथल्या एका वैद्यकीय लायब्ररीत आहे, त्यामुळे हा विषय घरात जेवणाच्या ताटावर असतो.

अमेरिकेतली मेडिकल लायब्ररी असोसिएशन १८९८ मध्ये फिलाडेल्फियात स्थापन झाली. चार ग्रंथपाल आणि चार डॉक्टर, एवढीच मंडळी. संस्था ग्रंथपालांची, पण अध्यक्ष होत गेले डॉक्टर. सर विल्यम ऑस्लरसुद्धा १९०१ ते १९०४ अध्यक्ष होते. ग्रंथपाल अध्यक्षपदावर बसायला १९३३ उजाडलं. मार्शिया नॉइज, आमच्या बाल्टिमोरच्याच, पहिल्या ग्रंथपाल अध्यक्ष आणि पहिल्या स्त्री अध्यक्षही. म्हणजे स्वतःच्याच संस्थेत स्वतःचा माणूस वर यायला ३५ वर्षं.

आता तिथली पद्धत वेगळी आहे. निवडून येणारी व्यक्ती पहिलं वर्ष भावी अध्यक्ष, दुसरं वर्ष अध्यक्ष, तिसरं वर्ष माजी अध्यक्ष म्हणून मंडळावर असते. निवडून आल्या दिवशी कुणी खुर्चीवर बसत नाही. एक वर्ष बघायचं, एक वर्ष करायचं, एक वर्ष नव्याला सांगायचं. उमेदवाराने छोटं निवेदन लिहायचं, ते सगळ्या सभासदांकडे जातं, आणि मत घरबसल्या ऑनलाइन.

@स्पष्टवक्ता, गूगलबद्दल. २००१ मध्ये इथे जॉन्स हॉपकिन्सला दम्याच्या एका प्रयोगात २४ वर्षांच्या निरोगी स्वयंसेवक मुलीला हेक्झामेथोनियम हुंगायला दिलं. तिची फुफ्फुसं निकामी झाली आणि ती गेली. संशोधकाने आधी पबमेड शोधलं होतं, पण तेव्हा त्यात १९६६ पासूनचंच साहित्य होतं. या औषधाने फुफ्फुसाला इजा होते हे १९५०च्या दशकातल्या पेपरांत छापलेलं होतं. जुने छापील निर्देशांक कुणी उघडलेच नाहीत. त्यानंतर सरकारने काही दिवस तिथले माणसांवरचे जवळपास सगळे सरकारी पैशाचे प्रयोग थांबवले होते. नवरा म्हणतो, नव्या विद्यार्थ्यांना साहित्यशोध शिकवताना तो अजून इथूनच सुरुवात करतो.

स्पष्टवक्ता
हे माहीत नव्हतं. गूगलबद्दलचं मागे घेतो. बाकीचं नाही.

उगाचएक
बाकीचंही घेतलंत तर आम्ही हसणार नाही.

नोंदवही
मी विदर्भातली ग्रंथपाल, अशाच एका संघटनेत पदाधिकारी होते. धागाकर्तीला थोडं गार पाणी ओतते, राग नसावा.

अध्यक्षपद हे बहुतेक संघटनांत शोभेचं असतं. दीपप्रज्वलन, मनोगत, शाल-श्रीफळ, स्मरणिकेत फोटो. पत्रव्यवहार सचिवाकडे, सभेची नोटीस सचिवाची, विषयपत्रिका सचिव लिहितो, इतिवृत्तही तोच लिहितो. ज्याच्या हातात इतिवृत्त त्याच्या हातात संघटना. सभेत तुम्ही कितीही बोला, पुढच्या सभेत वाचून दाखवताना 'यावर सविस्तर चर्चा झाली' एवढंच उरतं.

तुम्हाला तो सबस्क्रिप्शनचा विषय लावून धरायचाय ना? मग त्याची पत्रं कोण लिहिणार? दिल्लीला, मंत्रालयात, आयोगाला? अध्यक्ष फक्त सही करतील, तीही अधिवेशनाला भेटले तर. सचिवपदाला उभ्या राहा. काम करायचं असेल तर तिथे, मान हवा असेल तर अध्यक्षपद.

आणि खर्चाचं बोलून घ्या आधी. प्रवास बहुतेक स्वतःच्या खिशातून. रविवारी कार्यकारिणीची सभा, सोमवारी सकाळी कामावर हजर, बस किंवा रेल्वेत झोप. माझी कित्येक वर्षं अशी गेली. पश्चात्ताप नाही, पण 'सांगितलं नव्हतं' असं नको.

टिळकरोडी
सचिवपदाबद्दल सहमत. पण 'पुणे-मुंबईवाले सोडत नाहीत' हा सूर धाग्यात येणार, त्याआधीच बोलतो. बायको इथल्या एका संघटनेत खजिनदार आहे. दर निवडणुकीला ती 'कुणीतरी घ्या हो हे पद' म्हणून फोन करते. बाहेरगावच्या लोकांना जबाबदारी द्यायची म्हटलं की सगळे 'लांब पडतं' म्हणतात. मग तीच माणसं राहतात आणि त्यांना लॉबी म्हणतात.

सातरस्ता
हे खरं आहे, टिळकरोडी. आमच्याकडूनही 'लांब पडतं' हेच म्हटलं गेलंय वर्षानुवर्षं. पण लांब पडतं म्हणून मतही देता येत नाही, त्याचं काय? नांदेडच्या मॅडमना अधिवेशनाला यायचं तर दोन रात्री प्रवासात. कॉलेज कर्तव्य रजा देतं, तिकीट देत नाही.

पूर्वभाग
आता सोलापूर लांब नाही हां. सकाळी वंदे भारत धरा, दुपारी मुंबई. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरली की सकाळी मुंबई. लांब फक्त मुंबईवाल्यांना वाटतं. त्यांना इकडं यायचं असलं की मधी वाळवंट दिसतं त्यांना.

कडकभाकरी
अधिवेशनच सोलापुरात घ्या. जानेवारीत, गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) वेळी. सकाळी शोधनिबंध, संध्याकाळी पाळणे. प्रतिनिधींना किट बॅगऐवजी सोलापुरी चादर, त्यात गुंडाळून शेंगाचटणी. मतं खिशात.

पार्कचौकी
गड्ड्याच्या वेळी लॉज मिळत नाहीत आणि अर्धं गाव नंदीध्वजांच्या मागे असतं. हुरडा संपायच्या आत, फेब्रुवारीत घ्या. पण मतासाठी चटणी वाटणं आचारसंहितेत बसत नाही.

डॉहुरडा
हुरड्यासाठी माझं नाव वापरू नये. बाकी येणार.

नोंदवही
किट बॅगवरून आठवलं. ती बॅग कोण देतं? पुस्तक विक्रेते आणि प्रकाशक. जेवण कोण देतं? तेच. हे मी कुणा एकाबद्दल लिहीत नाही, सर्रास चालतं. ज्याचं नाव बॅगेवर, त्याला नंतर व्यासपीठावर पंधरा मिनिटं मिळतात आणि कार्यकारिणीत कोण असावं याबद्दल त्याचं एक मत असतं. नवा उमेदवार आला की आधी विक्रेत्यांत कुजबुज होते. सातरस्ता, तुमचं यावर काय म्हणणं आहे हे निवेदनात लिहा किंवा लिहू नका, पण मनाशी ठरवून ठेवा.

सातरस्ता
विक्रेत्यांशिवाय अधिवेशन होणार नाही हे मलाही कळतं. प्रतिनिधी शुल्कात हॉलचं भाडंसुद्धा निघत नाही. पण कुणी किती दिले आणि ते कुठे गेले, हे सभासदांना दिसलं पाहिजे. एवढं तरी.

हिशेबनीस
हिशेबाचं निघालं म्हणून डोकावलो. धर्मादाय कार्यालयाच्या फेऱ्या मारणं हाच माझा धंदा, त्यामुळे कोरडं लिहितो.

आपल्याकडे अशा संघटना बहुधा १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि शिवाय १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदलेल्या असतात. कार्यकारिणी बदलली की कलम २२ प्रमाणे बदल अर्ज द्यावा लागतो, मुदत ९० दिवस. सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. तो मंजूर होऊन परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीवर, नवी नावं चढली की मग कागदोपत्री बदल झाला. बऱ्याच संघटना हे करतच नाहीत. तीन-चार कार्यकारिणी येऊन जातात आणि परिशिष्टावर मूळ संस्थापकांचीच नावं. मग नवे सचिव बँकेत सह्या बदलायला जातात, बँक परिशिष्टाची प्रत मागते आणि सगळं तिथेच अडतं.

ताई, उभं राहण्याआधी शेवटचा मंजूर चेंज रिपोर्ट कधीचा ते विचारा. मागचे मंजूर नसतील तर तुमचाही अडकणार. आणि निवडणूक खरोखर झाली, हरलेल्याने हरकत घेतली, तर तारखांवर तारखा. म्हणूनच लोकांना बिनविरोध आवडतं, सगळं कारस्थान नसतं त्यात.

ऑनलाइन मतदान हवं असेल तर आधी घटनादुरुस्ती. सभेची रीतसर नोटीस, त्यात दुरुस्तीचा मसुदा, ठराव, मग कार्यालयात. आयत्या वेळच्या विषयात घटनादुरुस्ती आणू नका, पहिल्याच हरकतीला पडते.

पार्कचौकी
हिशेबनीसांना दंडवत. चाळीस वर्षं मी हे भाषणात सांगत होतो, तुम्ही तीन परिच्छेदांत सांगितलंत.

उगाचएक
घाबरवायला आलात का मदत करायला? :)

निळीशाई
खूप वेळ वाचतेय. मीही मेडिकल लायब्ररीतच आहे, एका जिल्ह्याच्या ठिकाणी, कंत्राटी. अकरा महिन्यांचा करार, मग एक दिवस खंड, मग परत अकरा महिने. पदव्या तुमच्याएवढ्याच आहेत. संध्याकाळी साडेसातला वाचनालय बंद करते आणि परीक्षांच्या दिवसांत मुलं "मॅडम अजून अर्धा तास" म्हणतात तेव्हा थांबते, त्याचे पैसे नसतात.

अधिवेशनाला एकदा गेले होते. तिथे 'ग्रंथालयांतील कृत्रिम बुद्धिमत्ता' यावर तीन सत्रं होती. कंत्राटींबद्दल एक वाक्य नाही. मग मी कशाला कुणाला मत देऊ? सातरस्ता ताई, तुम्ही चांगल्याच असाल. पण तुमच्याही पोस्टमध्ये जर्नल्स आहेत, माणसं नाहीत.

सातरस्ता
निळीशाई, यावर घाईत काही लिहीत नाही. उद्या लिहिते.

स्पष्टवक्ता
हा प्रतिसाद आवडला. धाग्यात पहिल्यांदा कुणी पोटाचं बोललं.

डॉहुरडा
निळीशाई, आमच्याकडेही हेच. इन्स्पेक्शनच्या दिवशी मात्र तुमच्यासारखीला पहिल्या खुर्चीवर बसवतात आणि फाइल तिच्याच हातात देतात.

सातरस्ता
काल रात्री बऱ्याच जणांना फोन केले, काकांच्या सांगण्याप्रमाणे वही घेऊन. निळीशाई म्हणते ते प्रत्येक दुसऱ्या फोनवर निघालं. मी विचारलं नव्हतं म्हणून कुणी बोललं नव्हतं.

ठरलंय. अध्यक्षपद नाही, सचिवपद. अध्यक्षपदासाठी एक ज्येष्ठ ग्रंथपाल तयार आहेत, माझ्या पॅनेलमधल्या नाहीत, पण त्यांच्याशी माझं पटतं. पॅनेल करायचं नाही असंही ठरवलंय. यावर काका रागावतील.

उमेदवाराचं निवेदन दोनशे शब्दांत द्यायचंय. मसुदा टाकतेय, झोडपा:

"मी गेली अनेक वर्षे वैद्यकीय ग्रंथालय क्षेत्रात कार्यरत असून विविध परिषदांमध्ये सक्रिय सहभाग घेतला आहे. सर्वांना सोबत घेऊन संघटनेच्या सर्वांगीण विकासासाठी मी कटिबद्ध आहे. आधुनिक तंत्रज्ञानाचा वापर करून ग्रंथपालांचे सक्षमीकरण करणे हे माझे ध्येय राहील. तरी आपण आपले बहुमोल मत देऊन मला सेवेची संधी द्यावी, ही नम्र विनंती."

कडकभाकरी
खाली 'आपलाच' लिहून हात जोडलेला फोटो टाका, वर चार नेत्यांचे गोल फोटो. फ्लेक्स तयार.

नोंदवही
यात तुम्ही कुठेच नाही आहात. हे निवेदन कुठल्याही उमेदवाराला, कुठल्याही संघटनेत, पतपेढीतसुद्धा चालेल. इथे तुम्ही धाग्यात जे लिहिलंय तेच लिहा. 'सिव्हिलच्या मुलांना मिळतो तो पेपर आपल्याकडे का नाही' हे वाक्य पहिलं घ्या.

पार्कचौकी
पॅनेल नाही म्हणून रागावलो नाही, हळहळलो. एकटा उमेदवार निवडून येतो आणि कार्यकारिणीत एकटाच पडतो. निदान खजिनदार तुमच्या विश्वासाचा बघा.

निवेदनाबद्दल, आश्वासनं तीनच्या वर नकोत. आणि प्रत्येकाला 'हे झालं की नाही' असं एका वर्षाने विचारता आलं पाहिजे. 'सक्षमीकरण' झालं की नाही हे कुणाला विचारणार?

पटाप्स्को
नवऱ्याला वाचून दाखवलं (भाषांतर करून). म्हणाला, तिथे आणि इथे निवेदनं सारखीच वाईट असतात. त्याच्या मते एकच प्रश्न पुरे, तुम्ही निवडून आला नाहीत तर कोणतं काम होणार नाही?

सातरस्ता
पुन्हा:

"आमच्या कॉलेजातले विद्यार्थी मला विचारतात, सरकारी कॉलेजात उघडणारा पेपर आपल्याकडे का उघडत नाही. या प्रश्नावर संघटनेने आजवर कुणाला पत्र लिहिलेले नाही. निवडून आल्यास पहिल्या तीन महिन्यांत खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांची एकत्रित मागणी मी संबंधित मंत्रालयाकडे पाठवीन आणि त्याची प्रत प्रत्येक सभासदाला देईन.

कंत्राटी ग्रंथालय कर्मचारी आपल्यात किती आहेत, कुठे आहेत आणि काय मानधनावर आहेत याची नोंद संघटनेकडे नाही. ती मी पहिल्या वर्षात करीन. ती हातात नसताना कोणाशीही वेतनाबद्दल बोलता येणार नाही.

सभेला हजर राहू न शकणाऱ्यांना मत देता यावे यासाठी घटनादुरुस्तीचा मसुदा पुढील सर्वसाधारण सभेच्या नोटिशीसोबत पाठवीन. अधिवेशनाचा जमाखर्च, प्रायोजकांच्या रकमांसह, अधिवेशनानंतर सभासदांसमोर ठेवला जाईल.

मी सोलापुरात असते. फोन संध्याकाळी सातनंतर उचलते."

उगाचएक
शेवटची ओळ ठेवाच!

हिशेबनीस
'संघटनेने आजवर कुणाला पत्र लिहिलेले नाही' हे सिद्ध करता येईल का? जावक नोंदवही पाहिलीत का? नसेल तर 'माझ्या माहितीप्रमाणे' घाला. हरकत इथूनच घेतात. आणि 'ठेवला जाईल' नको, 'ठेवीन' लिहा. कर्मणी प्रयोगात जबाबदारी सापडत नाही.

टिळकरोडी
चार आश्वासनं झाली, काकांनी तीन सांगितलेली. जमाखर्चाचं खजिनदाराच्या उमेदवाराला द्या. बायको म्हणते, त्याला काहीतरी बोलायला हवंच असतं.

स्पष्टवक्ता
मत असतं तर दिलं असतं. घरचं तुमचं तुम्ही बघा.

पूर्वभाग
अक्का सचिव झाल्या की पेढे नको, शेंगापोळी.

सातरस्ता
जमाखर्च काढला, 'माझ्या माहितीप्रमाणे' घातलं. खजिनदारपदाला सांगलीच्या एक जण तयार झाल्या आहेत, त्यांच्या निवेदनात ते जाईल.

नवी अडचण. अर्जावर सूचक आणि अनुमोदक दोघांची वर्गणी चालू वर्षापर्यंत भरलेली लागते. सूचक ठीक आहेत. अनुमोदकांची वर्गणी मागच्या वर्षीपासून थकलेली निघाली, त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत.

पार्कचौकी
आज रात्रीच दुसरा अनुमोदक शोधा, आणि एक जास्तीचा अर्जही भरून ठेवा. शेवटच्या दिवशी 'सही जुळत नाही' म्हणतात.

निळीशाई
माझी सही चालेल का? वर्गणी भरलेली आहे. पावती आहे माझ्याकडे.

सातरस्ता
निळीशाई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

नोंदवही
पावतीचा फोटो काढून दोघींनीही आपापल्याकडे ठेवा. संघटनेच्या वहीत ती नोंद असेलच असं धरून चालू नका.